केशवापूरचा कानोसा

समुद्रावरच्या होडीचे दुखणे ओळखण्यासाठी कोणी समुद्राकडे पाठ फिरवून आगगाडीने दख्खनच्या पठारावर गेला, असे सांगितले तर ऐकणारा हसेल. मीही त्या हेतूने गेलो नव्हतो. हुबळीच्या केशवापूर भागात सेमिनरीतील माझा एक जुना सोबती धर्मगुरू आहे. प्रायश्चित्तकाळात तेथील मराठी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी तीन दिवस प्रवचने करावीत, अशी त्याची इच्छा होती आणि ती मोडणे मला शक्य नव्हते. मात्र निघताना माझ्या पिशवीत प्रवचनांच्या टिपणांबरोबर एक ओझे होते, ते कोणास दिसणारे नव्हते.

आमच्या धर्मग्रामात दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांची मिळून एक लाकडी मच्छीमार होडी आहे. तिचे डिझेल इंजिन मागे टांगलेले नसून होडीच्या पोटात पक्के बसविलेले आहे. इंजिनापासून निघालेला लोखंडी दांडा, ज्यास आमचे लोक शाफ्ट म्हणतात, होडीच्या तळातून पाण्यात उतरतो आणि त्याच्या टोकास पंखा असतो. गेल्या हंगामात या होडीस एक विचित्र दुखणे जडले. चालता चालता मध्येच तिची सारी फळी थरथरू लागे. भांडी वाजत, दिव्याची काच हादरे, पायांच्या तळव्यांना मुंग्या येत. मग काही वेळाने ती आपोआप शांत होई. कारागीर आला की होडी निमूट चाले, आणि कारागीर घरी गेला की दोन दिवसांनी थरथर पुन्हा हजर!

इलाज झाले नाहीत असे नाही. इंधनाचे फवारे साफ झाले. पंख्याचे पाते वाकले असेल म्हणून सोसायटीचे कर्ज काढून नवा पंखा बसविला. प्रत्येक वेळी खाडीत एक फेरी मारून पाहिली, होडी शांत चालली आणि दुखणे बरे झाले असे ठरले. परंतु ते बरे झालेले नव्हते.

आता यातील खरी गोष्ट सांगतो. समुद्रात जाताना सुकाणूवर थोरला असतो, कारण तांडेल तोच. रात्रभर जाळी ओढून परतताना तो दमून आडवा होतो आणि सुकाणू धाकट्याच्या हाती येते. थरथर होई ती नेहमी परतताना. थोरल्याने याचा सरळ अर्थ काढला: माझ्या हाती होडी चालते ती नीट, तुझ्या हाती थरथरते, तेव्हा तू इंजिन बेताल हाकतोस. प्रथम हे विनोदाने बोलले गेले, मग रागाने आणि पुढे बायकांमध्येही त्याचे पडसाद उमटले. एका रविवारी मिस्सानंतर थोरला माझ्याकडे आला. मी धाकट्यास बोलावून घेतले आणि शहाणपणाचा आव आणून म्हणालो, “बाळा, हात जरा हलका ठेव. थोरल्या भावाचे ऐकण्यात कमीपणा नाही.” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला व म्हणाला, “फादर, हात माझा असतो, पण थरथर माझी नाही.” त्यानंतर तीन रविवार तो देवळात दिसला नाही. हे ते ओझे.

दादरहून रात्री गाडी निघाली. पहाट मिरजेच्या बाजूस झाली. बेळगाव येईपर्यंत डब्यातील बोलण्यात मराठी आणि कानडी दुधात साखर मिसळावी तशा मिसळून गेल्या होत्या. बेळगाव हे 1953 साली स्थापन झालेल्या धर्मप्रांताचे ठाणे आहे. कोकणी, मराठी आणि कानडी अशा तिन्ही भाषांत तेथे प्रभूची स्तुती होते. पुढे लोंढे येते. येथून एक फाटा कॅसलरॉकवरून दूधसागराच्या घाटाने गोव्यात उतरतो. या घाटात सदतीस फूट पुढे गेले की मार्ग एक फूट खाली जातो. आगगाडीच्या मानाने हा उतार फार तीव्र समजला जातो. आमची गाडी मात्र घाटाकडे न वळता अळणावरमार्गे धारवाडास गेली, आणि दुपारच्या सुमारास हुबळी आली. 2014 पासून या शहराचे अधिकृत नाव हुबळ्ळी असे झाले आहे, पण आपल्या लोकांच्या तोंडी जुनेच रूप बसले आहे.

हुबळीचा फलाट हे एक आश्चर्य आहे. 2023 च्या मार्च महिन्यात ज्याचे उद्घाटन झाले, तो येथील फलाट 1507 मीटर लांब असून जगात सर्वांत लांब म्हणून त्याची नोंद झाली आहे. पिशवी हाती घेऊन चालताना मला त्या लांबीचा अभिमान वाटला नाही, घाम मात्र आला! गदग रस्त्याच्या बाजूने बाहेर पडले की केशवापूर लागते.

या वस्तीचे जीवन रेल्वेशी विणलेले आहे. दुष्काळी मुलुखात लोहमार्ग न्यावेत म्हणून 1882 साली सदर्न मराठा रेल्वे नावाची कंपनी स्थापन झाली. मराठ्यांचे नाव धारण करणाऱ्या या कंपनीने 1885 साली हुबळीस मोठा कारखाना उभारला, आणि तो आजही चालू आहे. त्याच्या भोंग्यावर घरोघरची चूल पेटे. गोवा, सावंतवाडी, बेळगाव आणि तामिळ मुलूख येथून कारागीर आले, त्यांच्या मागून कुटुंबे आली, आणि त्यांच्या प्रार्थनेसाठी देवळे उभी राहिली. 2003 साली नैर्ऋत्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा तिचे मुख्य ठाणे हुबळीसच आले. गदग रस्त्यावर त्या कचेरीची इमारत आहे, रेल्वेचा दवाखाना आहे आणि 2020 साली उघडलेले एक रेल्वे संग्रहालयही आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत रेल्वेची जुनी घरे, सकाळी शाळेस जाणाऱ्या मुलांच्या रांगा, संध्याकाळी देवळाची घंटा आणि त्या सर्वांच्या मागे गाडीच्या शिटीचा स्वर, असे केशवापूर मला दिसले.

पहिल्या दिवशी माझे प्रवचन कुटुंबातील क्षमेवर होते. बोलताना माझा मलाच संकोच वाटत होता. प्रवचन संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पुढे आले. रेल्वे कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून सारा जन्म घालविला होता आणि त्यांचे वडीलही तेथेच होते. त्यांच्या मराठीस कानडीचा हेल होता. सारे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. ते म्हणाले, “फादर, तुम्ही क्षमेवर बोलत होता, पण मन कुठे दुसरीकडे अडकले होते. आवाजात खोट ऐकू आली. रागावू नका, खोट ऐकणे हाच माझा धंदा होता.”

दुसऱ्या दिवशी ते मला संग्रहालय दाखवावयास घेऊन गेले. तेथे दोन जुनी घरे जतन केली असून मलप्रभा व घटप्रभा या नद्यांची नावे त्यांस दिली आहेत. सिग्नलचे दिवे, हत्यारे, मापे, जुने डबे आणि इंजिने पाहत आम्ही फिरलो. मिस्त्रीकाका थांबले ते मात्र चाकापाशी. ते सांगू लागले, “आमच्या काळी गाडी उभी राहिली की माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर टोला मारीत जाई. चांगले चाक घंटेसारखे बोले. तडा गेलेले चाक मडक्यासारखे बद्द वाजे. आसाच्या पेटीस हाताची पालथी बाजू लावून किती तापली ते पाहत. आता तापमान मोजणारी यंत्रे आली. पण गाडी फलाटात शिरताना दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून डोळ्यांनी आणि कानांनी तिची परीक्षा करतात, ती पद्धत अजून आहे. कारण उभी गाडी सगळे सांगत नाही. चालती गाडी खरे बोलते.”

त्या शब्दांनी मला होडीची आठवण झाली आणि मी सारी हकिकत त्यांना सांगितली. ते प्रथमच म्हणाले, “मला होडी ठाऊक नाही. मला फिरणारा दांडा ठाऊक आहे.” आणि मग एका बाकावर बसून त्यांनी मला प्रश्न विचारण्यास आरंभ केला. कुमसार ऐकताना मी इतके नेमके प्रश्न क्वचितच विचारले असतील.

“थरथर सुरू असताना गियर मोकळा करून इंजिन त्याच वेगाने फिरवून पाहिले काय? तरीही थरथर राहिली तर दोष इंजिनात किंवा ते ज्या पायांवर बसले आहे त्यांत. थांबली तर इंजिन निर्दोष, आणि दोष त्याच्या मागे: जोडात, दांड्यात, दांड्याच्या बेअरिंगमध्ये किंवा पंख्यात.” मला ठाऊक नव्हते.

“वेग वाढविला की थरथर वाढत जाते, की एका ठराविक वेगावरच येते आणि पुढे जाते? प्रत्येक वस्तूचा आपला एक ताल असतो. बाहेरचा हादरा त्या तालाशी जुळला की लहान दोषही मोठा होऊन बोलतो.” मला ठाऊक नव्हते.

“पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकून पुन्हा सुटतो काय?” एवढे मात्र त्यांनी दोनदा पाहिले होते, पंखा स्वच्छ होता.

“बरे, परतताना थरथर झाली नाही असे दिवस कोणते?”

या प्रश्नावर मी गप्प राहिलो. थरथर झाली ते दिवस साऱ्या गावास पाठ होते. झाली नाही त्या दिवसांची आठवण कोणी ठेवली नव्हती. मिस्त्रीकाका हसून म्हणाले, “असेच असते, फादर. बिनतक्रार गेलेल्या दिवसाची वही कोणी ठेवीत नाही. खरे उत्तर त्याच वहीत असते.”

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक विचारले, “इंजिन दांड्याशी जोडले तेव्हा होडी कोठे होती?” मी म्हणालो, “किनाऱ्यावर. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, तेव्हाच इंजिन उचलून पुन्हा बसविले.” ते म्हणाले, “आणि चालते कोठे? पाण्यात. रिकामी चालते की भरलेली?”

मग त्यांनी वडिलांच्या वेळची आठवण सांगितली. तेव्हा कारखान्यात छताखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी खालची यंत्रे चालत. तो दांडा ज्या आधारांवर फिरे ते सारे एका सरळ रेषेत असावे लागत. एखादा खांब केसभर खचला तरी सारे छत गुणगुणू लागे. वॅगनचेही तसेच. रिकामा वॅगन यार्डात निमूट फिरतो, तोच भरून घाटास लागला की त्याचे बेअरिंग तापून बोलू लागते. “भावास दोष देण्यापूर्वी ओझ्यास विचारा,” ते म्हणाले. “एक करा. आठ दिवस परतताना थोरल्यास सुकाणूवर बसवा, आणि धाकट्याच्या हाती वही द्या. वेग, मासळी, जाळी, भरती-ओहोटी, सारे लिहावयास सांगा.”

त्या रात्री मी थोरल्यास फोन केला. तो कुरकुरला, पण धर्मगुरूचा शब्द त्याने मोडला नाही.

मी परत आल्यावर पाचव्या दिवशी थोरला स्वतः माझ्या दारात उभा होता. त्याच्या हाती धाकट्याची वही होती. पहिले दोन दिवस जाळ्यात फारसे काही लागले नाही, आणि थोरल्याच्या हाती होडी शांत आली. त्याने मनातल्या मनात विजयही मानला असेल. तिसऱ्या रात्री जाळी भरून आली. मधले खण मासळीने भरले, मागच्या फळीवर भिजलेल्या जाळ्यांचा ढीग पडला, आणि अर्ध्या वाटेवर सुकाणू थोरल्याच्याच हातात थरथरू लागले! चौथा दिवस रिकामा, होडी शांत. पाचवा दिवस भरलेला, पुन्हा थरथर. धाकट्याने त्याच वेळी गियर मोकळा करून इंजिन तितक्याच वेगाने फिरविले होते. थरथर तत्काळ थांबली. वहीत त्याने एवढेच लिहिले होते, “इंजिन ठीक. मागे पाहणे.” ज्यास बेताल म्हटले गेले, त्याची अक्षरे किती संयमी होती!

पुढचे काम एका दिवसाचे होते. होडी पाण्यातच खाडीत नांगरली. इंजिनाच्या गियरपेटीची तबकडी आणि दांड्याची तबकडी जेथे बोल्टांनी एकमेकींस जोडतात, तो जोड सोडला. दोन तबकड्यांमधील फट वर, खाली, उजवीकडे व डावीकडे अशी चार ठिकाणी पातळ पोलादी पट्ट्यांच्या फीलर गेजने मोजली. तबकडीच्या व्यासाच्या दर इंचास इंचाच्या हजाराव्या भागाहून अधिक फरक नसावा, असा कारागिरांचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे चार इंची तबकडीस इंचाचे चार हजारांश, जवळजवळ कागदाच्या एका पानाइतके. रिकाम्या होडीत ही फट चारी बाजूंनी नियमात बसली. मग खणांत वाळूच्या गोण्या आणि मागे ओली जाळी ठेवून पुन्हा मोजली. खालची फट नियमाच्या कितीतरी पलीकडे गेली होती!

कारण सरळ होते. लाकडी होडी दगडासारखी ताठ नसते. वाळूवर ती एका आकारात विसावते, पाण्यात दुसऱ्या, आणि ओझे पडले की तिसऱ्या. हे अंतर डोळ्यास दिसत नाही, परंतु मिनिटास शेकडो फेरे घेणाऱ्या दांड्यास प्रत्येक फेऱ्यात जाणवते. शिवाय इंजिनाच्या पायांपैकी एकाचा बोल्ट किंचित सैल होता, म्हणून ओझे नसताना तो दोष लपे आणि ओझे पडताच उघडा होई. बोल्ट आवळले. पायांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून होडी पाण्यात, बेताच्या ओझ्यासह असतानाच जोड सरळ केला. रिकामी आणि भरलेली, दोन्ही स्थितींत फट नियमात राहील असा मध्य साधला. दांडा हाताने सहज फिरतो की नाही ते पाहिले. पाण्याने वंगण मिळणारे रबरी बेअरिंग एका अंगास झिजलेले आढळले, ते पावसाळ्यात होडी वर ओढली तेव्हा बदलले. थरथर त्यानंतर आली नाही. नवा पंखा मात्र मुळात नको होता, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते अद्याप चालू आहेत.

माझ्या मच्छीमार वाचकांना म्हणून एवढेच सांगावयाचे की, दुखणे येते-जाते असे असेल तर प्रथम वस्तू विकत घेऊ नका, प्रथम वही विकत घ्या. गियर मोकळा करून पाहा. पंखा, जाळ्याचे तुकडे आणि इंजिनाच्या पायांचे बोल्ट पाहा. दांड्याचा जोड किनाऱ्यावर लावला असेल तर होडी पाण्यात उतरून स्थिरावल्यावर तो पुन्हा तपासून घ्या. आणि दुरुस्तीची परीक्षा रिकाम्या होडीवर करू नका.

राहिला दुसरा हिशेब. वही घेऊन आलेला थोरला बराच वेळ दारात उभा राहिला. मग म्हणाला, “फादर, त्याच्याकडे कसा जाऊ?” मी म्हणालो, “एकटा कशाला? मलाही जावयाचे आहे.” आम्ही दोघे धाकट्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर जाळे विणीत बसला होता. मी म्हणालो, “बाळा, मी न ऐकताच निवाडा दिला. मला क्षमा कर.” तो गोंधळून उठला. माझ्या मागे थोरला उभा होता, त्यास शब्द सापडेना. अखेर धाकटाच आत वळून म्हणाला, “अगं, दादा आलाय. चहा टाक.” पुढच्या रविवारी ते दोघे आपापली कुटुंबे घेऊन एकाच बाकावर बसले होते.

ही वार्ता मी मिस्त्रीकाकांना पत्राने कळविली. त्यांचे उत्तर एका पोस्टकार्डावर आले. होडीबद्दल आनंद व्यक्त करून त्यांनी विचारले होते, “वही चालू आहे ना?”

तेव्हापासून एक विचार माझा पाठलाग करतो. ती होडी रिकाम्या जाळ्याच्या दिवशी कधीच थरथरली नाही. थरथरली ती भरलेल्या जाळ्याच्या दिवशी. गालीलच्या सरोवरात पेत्राची होडीही मासळी मिळाली नाही म्हणून नव्हे, तर फार मिळाली म्हणून बुडू लागली होती. आपल्या घरांचेही असेच होत नाही काय? तंगीच्या दिवसांत जी भावंडे एका ताटात जेवली, त्यांच्यात जमिनीचा भाव वाढल्यावर, नवे घर उभे राहिल्यावर, मुलगा परदेशी गेल्यावर कुरबूर सुरू होते. आणि मग त्या क्षणी ज्याच्या हाती सुकाणू असेल, त्याच्याकडे आपण बोट दाखवितो. कधी ते सुनेच्या हाती असते, कधी म्हाताऱ्या सासूच्या, कधी कमावत्या मुलाच्या. त्याच्या पाठीवर त्या वेळी कोणते ओझे आहे, हे पाहावयाचे राहून जाते.

या प्रायश्चित्तकाळात रात्री सदसद्विवेकाची तपासणी करताना मी आता स्वतःस एक प्रश्न अधिक विचारतो: आज कोणाबद्दल मी वही न पाहताच निवाडा दिला? केशवापूरच्या त्या बाकावर एका वृद्ध फिटरने मला तो शिकविला. पोप पायस बारावे यांनी 1955 साली 1 मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरविला. गेल्या 1 मे रोजी मिस्सा अर्पण करताना मी मिस्त्रीकाकांचे स्मरण केले, आणि आमच्या त्या दोन भावांचेही. खिडकीतून खाडी दिसत होती. भरतीच्या पाण्यावर त्यांची होडी भरून येत होती, आणि तिच्या इंजिनाचा आवाज एकसारखा, अखंड ऐकू येत होता.